तिची तीन, माझी एक

फोन आला तेव्हा मी उपकेंद्राच्या ओट्यावर बसून एका तान्ह्याच्या मांडीत लस टोचत होते. लसीकरणाचा दिवस, बायकांची रांग पायरीच्या खालपर्यंत गेलेली. ते बाळ रडायचं थांबेपर्यंत मी फोन उचलला नाही. पलीकडे माझे मोठे दीर होते, वैशाखऱ्याहून. सुगंधा गेली, म्हणाले. माझी थोरली जाऊ. खळ्यावर भाताचे भारे उचलताना घोणस चावली, मुरबाडला नेलं, तिथून पुढे नेताना वाटेतच... आणि आता लिहायलाच बसले आहे तर खरं तेच लिहिते. माझ्या मनात पहिला विचार आला तो तिचा नव्हता, तिच्या मागे राहिलेल्या तीन पोरांचाही नव्हता. हे प्राचीला सांगायचं कसं आणि ऐकल्यावर ती माझ्याकडे कुठल्या नजरेनं बघेल, हा होता. प्राची माझी मुलगी, आठ वर्षांची, एकुलती एक. दोन महिने मी तिला तिच्या मोठ्या आईच्या वाऱ्यालाही उभी राहू दिली नव्हती.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. सुगंधाताईबद्दल वाईट बोलण्यासारखं काही नव्हतंच, आणि तीच तर माझी पंचाईत होती. चौऱ्याण्णव साली मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा ती दोन वर्षं आधी आलेली. वयानं माझ्याहून लहान, नात्यानं थोरली, शिक्षण चौथी. मी नर्सिंग केलेली, नोकरीवाली. घरात माझं कौतुक व्हावं अशी माझी साधी अपेक्षा होती. पण सासूबाईंना माझ्या पगारापेक्षा हिची तांदळाची भाकरी मोठी वाटायची. ती भाकरी अशी टम्म फुगायची की मी रागानं टोचावी. शेळी हिच्याच हाकेला यायची. रुसलेला पाहुणा हिच्याच हातचा चहा पिऊन हसायचा. मी नोकरीसाठी नवऱ्याला घेऊन शहापूरला बिऱ्हाड केलं त्यात अर्धी सोय होती आणि अर्धी तिची कटकट चुकवणं. कटकट म्हणजे काय, तर ती कधी कटकट करत नसे.

मग पोरांचं सुरू झालं. मी आल्यावर वर्ष-दीड वर्षात तिला भारती झाली. माझं पहिलं तिसऱ्या महिन्यात गेलं, दुसरं पाचव्यात. भारतीचं बारसं तिनं गुपचूप उरकलं, पाळणासुद्धा कुणाला म्हणू दिला नाही, मला वाईट वाटेल म्हणून. ते मला कळलं तेव्हा जास्तच झोंबलं. एखादीनं वाजतगाजत बारसं करून मला डिवचलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं. पुढं तिला जयेश झाला आणि पाठोपाठ, देवाच्या मनात आलं म्हणून, मला प्राची. प्राची झाली त्यात माझं इतकं रक्त गेलं की तीन दिवस दूध उतरेना. मी, जी गावोगाव बायकांना अंगावर पाजायचं शिकवते, तिचीच पोर भुकेनं टाहो फोडत होती. ताई वर्षाच्या जयेशला कडेवर घेऊन मला बघायला आली होती. तिनं जयेशला खाली ठेवलं, प्राचीला उचललं आणि पदराखाली घेतलं. मला विचारलंसुद्धा नाही. "पोराला कळतंय का गो कोणाचं दूध हाय तां," एवढंच म्हणाली. प्राची गप्प झाली. मी भिंतीकडे तोंड केलं. बाळंतिणीला रडू येतंच, असं सगळ्यांना वाटलं.

यंदाच्या श्रावणात स्वाइन फ्लू आला आणि शाळा बंद झाल्या. आधी आठ दिवस म्हणाले, मग पुढचं काही कुणी नीट सांगेना. शहापुरात प्राचीच्या शाळेच्या फाटकाशी आम्ही सगळ्या आया नोटीस वाचत उभ्या होतो, तोंडाला रुमाल बांधून, आणि एकमेकींपासून हातभर लांब. पोरांच्या गळ्यात कापूर आणि वेलचीच्या पुरचुंड्या. ज्यांच्या घरी आजी होती त्या सुटल्या. बाकीच्यांची त्रेधा. कुणी पोरांना टीव्हीपुढं बसवून बाहेरून कडी लावायची, कुणी दुकानात गल्ल्यामागं झोपवायची. शिकवणीवालीनंही दार लावून घेतलेलं. आमच्या ह्यांची कंपनीत पाळी, आणि मला तर त्याच दिवसांत रजा मिळणं शक्य नव्हतं. किन्हवलीच्या बाजूला घरोघर जाऊन कुणाला ताप आहे का, कोण मुंबई-पुण्याहून आलंय, हे लिहायचं काम माझ्याकडे होतं. दोन दिवस प्राचीला घरमालकिणीकडे ठेवली. तिसऱ्या दिवशी ती पोर शिंकली आणि बाईनं तिला जिन्यात आणून उभी केली. "तुम्ही तापाच्या माणसांत फिरता, आम्हाला पण पोरं आहेत," म्हणाली. चूक नव्हती तिची. मलाच रोज घरी आल्यावर स्वतःच्या पोरीला जवळ घ्यायची भीती वाटत होती.

शेवटी दीर आले आणि तिला घेऊन गेले. किन्हवलीवरून सरळगाव, तिथं गाडी बदलून वैशाखरे. आठ दिवसांचे कपडे मी पिशवीत भरले, वर गृहपाठाची वही आणि पाढ्यांचं पुस्तक. ताईला निरोप दिला की पाणी उकळून द्यायचं, चिखलात सोडायची नाही, रोज तेरापर्यंत पाढे म्हणून घ्यायचे. पाढे ताईकडून म्हणून घ्यायचे! मनातून मला ठाऊक होतं की ते जमणार नाही. आणि ते जमू नये असंच मला वाटत होतं.

रोज संध्याकाळी मी दिरांच्या मोबाइलवर फोन करायचे. पहिल्या दिवशी प्राची रडली, मला न्यायला ये म्हणाली. ती रडली म्हणून मला रात्री शांत झोप लागली... हे लिहिताना लाज वाटते, पण लागली. दुसऱ्या दिवशी रडली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आई, मी मग बोलते, आम्ही चिंबोऱ्या उकडतोय." घरात गांडूळ दिसलं तर पलंगावर चढणारी माझी पोर ओढ्यात दगडाखाली हात घालून खेकडे काढत होती. चौथ्या दिवशी फोनवर मागून तिचाच आवाज ऐकू येत होता, तेराचा पाढा, खणखणीत, न अडखळता. मी ताईला विचारलं, कसा पाठ करून घेतलास? ती हसली. "मी कुठला घेतंय. मला धाच्या पुढं येत नाय. मी तिला सांगतलां, पुढचां मला नाय येत, तू शिकव. आता भात निवडताना माझ्याकडून म्हणून घेते, नि चुकलां का ओरडते मला." मी फोन ठेवला. दोन वर्षं मी त्या पोरीला समोर बसवून, चुकली की डोळे वटारून, तोच पाढा घोकवत होते. ज्या बाईला पाढा येत नाही तिनं तो शिकवला. कोण जळणार नाही?

शाळेची सुट्टी वाढली, आठाचे दहा दिवस झाले. अमावस्येला, पिठोरीच्या दिवशी, मी दुपारीच काम आटपलं आणि कुणाला न कळवता वैशाखऱ्याची गाडी धरली. पिठोरी म्हणजे आयांचा दिवस. खीर-पुरीचं वाण ताटात घेऊन आई पाटावर बसते, ताट डोक्यावरून मागं धरते आणि विचारते, "अतीत कोण?" म्हणजे अतिथी कोण. पोरं मागं उभी असतात, ती "मी" म्हणतात आणि ताट घेतात. मागं वळून बघायचं नसतं. पोरांच्या आयुष्यासाठी करायचं असतं हे. माझ्याकडून दरवर्षी होतं. यंदा तापाच्या याद्या लिहिण्यात मी पिठोरी साफ विसरले होते. गाडीत शेजारच्या बाईच्या हातात पूजेचं सामान बघितलं तेव्हा आठवण झाली.

अंगणात पोचले तर दिवे लागलेले. दाराशीच मला आवाज आला. "अतीत कोण?" भारतीचा आवाज आला, "मी." मग जयेशचा. मग धाकट्या साक्षीचा, पाच वर्षांची ती, जरा उशिरानं. आणि ताईनं चौथ्यांदा विचारलं. मी उंबऱ्यात उभी होते. ताई पाठमोरी, हात वर, डोक्यावर ताट. तिच्या मागं चार पोरं. चौथी म्हणाली, "मी." आणि ताट घ्यायला दोन्ही हात वर केले.

मी आत गेले आणि ते ताट प्राचीच्या हातातून काढून खाली ठेवलं. म्हणाले, "चप्पल घाल. घरी जायचंय." प्राची बघतच राहिली. ताई उठली. तिला माझा चेहरा बघून सगळं कळलं असणार, पण ती म्हणाली काय, तर, "वाण तरी खाऊ दे गो तिला. तसां टाकून जावू नये." आणि मग मी ते बोलले. आयुष्यात किती तरी वेळा जिभेवर येऊन मागं फिरलेलं ते त्या दिवशी फिरलं नाही. "तुझी तीन आहेत ना? तेवढी पुरत नाहीत तुला? माझी एकच आहे."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती रडलीही नाही. देवापुढचा दिवा नीट करत खालच्या आवाजात म्हणाली, "मंगल, पोरां मोजू नये गो."

मी पोरीला ओढतच फाट्यावर आणली. गाडीत सबंध वाट ती खिडकीकडे तोंड करून बसली होती, अगदी मी एकदा भिंतीकडे करून झोपले होते तशी. गणपतीला मी कामाचं निमित्त काढलं, हे एकटेच गावी गेले. दिवाळीला माझ्या माहेरी. ताईनं दोनदा दिरांच्या हाती सामान पाठवलं, एकदा मोठं तवसं, परसातली जून काकडी, आणि एकदा फराळाचा डबा. डबा मी शेजारीपाजारी वाटला. करंज्या इतक्या खुसखुशीत होत्या की घरमालकीण अजून विचारते कुणी केल्या म्हणून. प्राची अधूनमधून विचारायची, मोठ्या आईकडे कधी जायचं? मी म्हणायचे, साथ आहे, बाहेर जायचं नाही. तोवर शाळा कधीच सुरू झाल्या होत्या. आठ वर्षांच्या पोरीला तेवढं कळतं.

मग तो फोन. प्राचीला घेऊन मी गेले तेव्हा ताईला अंगणात ठेवलं होतं. बायका वाट देत होत्या. प्राची रडली नाही. जवळ गेली, बराच वेळ बघत राहिली, मग मागं वळून, सगळ्या बायकांच्या देखत, मोठ्यानं विचारलं, "आई, तू मला गणपतीला का नाय आणलंस?" तिच्या तोंडचा तो 'नाय'सुद्धा ताईचाच होता. सासूबाईंना माझी दया आली असावी, त्यांनी तिला जवळ ओढून घेतलं. पोरांना आयुष्य मिळावं म्हणून चार वेळा ताट डोक्यावर धरणारी बाई त्याच वर्षी गेली, आणि मी, जी वाण टाकून निघून आले, ती धडधाकट आहे. याचा अर्थ लावायला गेलं की डोकं काम करत नाही.

तेराव्यानंतर भारती आणि जयेश बापाजवळ राहिले आणि साक्षीला आम्ही शहापूरला आणलं. मीच म्हटलं, आणू या. लोकांनी फार कौतुक केलं माझं. त्या घरातल्या पोरांना एक सवय आहे. जेवायला बसलं की पहिला घास स्वतः खायचा नाही, शेजारी बसलेल्याला भरवायचा. ताईनं लावलेली. कधी शिकवून लावली नसणार, ती स्वतः तसं करायची म्हणून लागली. साक्षीनं आमच्याकडे येऊन ती मोडली नाही. कधी ह्यांना भरवते, कधी प्राचीला, आणि कुणी नसलं तर ताटापुढं तशीच घास हातात धरून थांबते.

गेल्या रविवारी दुपारी ती माझ्या शेजारी बसली. वरणभाताचा एवढासा घास कालवला, माझ्याकडे वळली आणि हात वर केला. मी खाली वाकले. तेवढ्यात समोरून प्राचीनं तिचा हात झटकला. शितं फरशीवर सांडली. "तिला नको भरवू," प्राची ओरडली. "ती माझी आई हाय. तुझी नाय."

साक्षी रडली नाही. हात तसाच वर, रिकामा.

मी प्राचीला ओरडायला हवं होतं. कुठलीही आई ओरडली असती. पण खोटं कशाला बोलू... ते वाक्य ऐकून मला आनंद झाला. अगदी पोटातून झाला. गेली आठ वर्षं मी ज्या वाक्यासाठी जळत होते, ते मला असं मिळालं, आई जाऊन महिना न झालेल्या पोरीच्या देखत, तिच्या हातचा घास सांडून. आणि तरी झाला.

अशा वेळी ताईनं काय केलं असतं हे मला पक्कं ठाऊक आहे. तिनं दोघींना ओढून जवळ घेतलं असतं, आणि आधी दुसरीच्या पोरीला घेतलं असतं. मीही दोघींना जवळ घेतलं. पण आधी माझीला.