धुरपताबाईंनी खोडलेली खूण

१९५७ सालच्या मार्चमध्ये झरीच्या बालवाडीत एकोणतीस मुलं होती. बालवाडी म्हणजे मारुतीच्या देवळाशेजारची लांब पडवी, दोन सतरंज्या, एक रांजण आणि सरकारातून आलेल्या दूधभुकटीचा पत्र्याचा डबा. ती धुरपताबाई चालवायच्या. वय पस्तिशीचं. नवरा रझाकारांच्या धामधुमीत गेला, त्यानंतर त्या माहेरी राहून शिकल्या आणि बालवाडीचं तीन महिन्यांचं शिक्षण घेऊन आल्या.

गावातल्या बाया म्हणायच्या, "बाईला लेकरं राखायचा पगार हाय."

"राखायचा न्हाई, बघायचा," धुरपताबाई म्हणायच्या.

आणि त्या खरंच बघायच्या. कुणाचे पाय फेंगडे पडतात, कोण खडू डोळ्यांजवळ नेतं, कोण दुपारपर्यंत भिंत धरून बसतं, सगळं त्यांच्या ध्यानात असे. तालुक्याच्या मुख्यसेविका पार्वतीबाई यांनी एक तक्ता दिला होता. प्रत्येक मुलापुढे सहा रकाने: चालतो, हातानं खातो, ऐकतो, बोलतो, सांगितलेलं कळतं, इतरांत खेळतो. असेल तिथं बरोबरची खूण, नसेल तिथं फुली. मोठ्या मुलांचे तक्ते पार्वतीबाई महिनाअखेर तपासून नेणार होत्या आणि ते पाहून जूनमध्ये पहिलीत कुणाला घ्यायचं हे गावचे हेडमास्तर दिनकरराव ठरवणार होते.

लिंबाजीचा मुंजाजी सहा वर्षांचा होत आला होता. त्याच्या तक्त्यात 'ऐकतो'पुढे खूण होती. 'बोलतो' आणि 'सांगितलेलं कळतं' यांपुढे फुल्या. वाचणाऱ्याला एकच अर्थ निघत होता: पोराच्या कानावर पडतं, पण डोक्यात शिरत नाही. दिनकरराव तर आधीच बोलून गेले होते, "मंद पोरगं घेऊन मी काय करू, बाई? बापाची गुरं वळील."

'ऐकतो'ची ती खूण धुरपताबाईंनी विचार करूनच केली होती. रोज दहाला दूध वाटताना त्या हजेरीप्रमाणे नाव घेत आणि ज्याचं नाव तो उठून वाटी नेई. अकरावी दैवशाला, बारावा मुंजाजी. वर्षभरात त्याचा नंबर एकदाही चुकला नव्हता.

एका सोमवारी दैवशाला वर्षात पहिल्यांदाच गैरहजर होती, मामाकडे गंगाखेडला गेली होती. धुरपताबाईंनी दहाव्याला वाटी दिली आणि पुढचं नाव घेतलं, "मुंजाजी!"

मुंजाजी उठला नाही. दैवशालेच्या रिकाम्या जागेकडे बघत बसला.

"मुंजाजी!"

"बाई, मुंज्या येड्यावानी बघायलाय!" पोरं खिदळली.

धुरपताबाईंच्या हातातली वाटी तशीच राहिली. पोरगं नावाला उठतच नव्हतं. दैवशाला वाटी घेऊन फिरली की उठत होतं.

पुढचे तीन दिवस त्यांनी त्याच्यावर नजर ठेवली. पाठीमागून हाक मारली, तो वळला नाही. डाव्या अंगाला डबा वाजवला, नाही. उजव्या अंगाला जोरात वाजवला, तेव्हा दचकून मान फिरवली. समोर बसून बोललं की तो डोळ्यांकडे नव्हे, ओठांकडे बघे. जवळ घेतला तेव्हा त्याच्या लांब, गुंतलेल्या केसांखालून कुबट वास आला.

केसांचा मामला सगळ्या गावाला ठाऊक होता. पोरगं बोलेना म्हणून त्याची आजी झुंबरबाई पोखर्णीच्या नरसिंहाला नवस बोलली होती, "लेकरू बोलू दे, मग तुझ्या पायापाशी जावळ काढीन." तोवर केसांना कुणी हात लावायचा नाही. दर शनिवारी ती स्वतः तेवढं कोमट तेल कानात सोडायची.

धुरपताबाई मुंजाजीच्या घरी गेल्या. "मावशी, पोराचा कान दवाखान्यात दाखवावा लागतो. केस वर करावे लागतील."

"जावळाला हात लावायचा न्हाई!" झुंबरबाई कडाडली. "देवाचं हाय ते. तुमच्या तक्त्याचं न्हाई."

"कात्री कुठं लावायलोत? नुसती वेणी घालू."

"पोराची पोरगी करता काय, बाई? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

मुंजाजीची आई कोकिळा चुलीपाशी बसली होती. ती उठली, फणी आणली आणि पोराला मांडीवर ओढलं. "आत्याबाई, देव कात्रीला रागावंल, फणीला न्हाई," एवढंच म्हणाली. गुंता सोडवायला तासभर लागला. केस डोक्यावर बांधल्यावर डावा कान दिसला. आतून पू वाहून गालापर्यंत खपली धरली होती.

झुंबरबाई वाकून जवळ आली. "मी ह्याच्यातच तेल सोडायले व्हय गं?" ती हळूच म्हणाली. दुसऱ्या दिवशी परभणीच्या एसटीत तीच आधी चढून बसली.

डॉक्टरांनी सांगितलं, डाव्या कानाचा पडदा गेला आहे. उजवा मळानं आणि तेलानं बुजला होता, तो साफ केला. औषध दिलं आणि तेल बंद करायला सांगितलं.

महिनाअखेर पार्वतीबाई आल्या. धुरपताबाईंनी तक्ता पुढे ठेवला. 'ऐकतो'वरची खूण खोडून त्यांनी लिहिलं होतं: 'उजव्या कानानं. आधीची नोंद माझी चूक.'

"खाडाखोड चालत नाही, बाई," पार्वतीबाई म्हणाल्या.

"मग चूक चालती का?"

पार्वतीबाईंनी सगळं विचारून घेतलं, खोडलेल्या जागेशेजारी सही केली आणि 'सांगितलेलं कळतं'चा रकाना पुन्हा तपासण्यासाठी मोकळा ठेवायला सांगितला.

मेमध्ये एका दुपारी झुंबरबाई धापा टाकत पडवीत आली. "बाई, बोललं! कुत्र्याला 'हाड' म्हणलं!" मग तिचा चेहरा उतरला. "पण 'हाड' म्हणलं म्हणून देवाला जावं का?"

"शब्द हाय की मावशी. जावा."

जूनपर्यंत त्याच्याकडे असे सात-आठ शब्द झाले. सांगितलेलं काम तो आता दुसऱ्या पोरांकडे न बघता करायचा. धुरपताबाईंनी मोकळ्या रकान्यात खूण केली आणि तक्ता घेऊन त्या कोकिळा आणि मुंजाजीबरोबर शाळेत गेल्या. दिनकररावांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढून मुंजाजीकडे पाहिलं आणि नाव घातलं. "बसव त्याला तिकडं मागं," ते कोकिळेला म्हणाले.

कोकिळा परक्या पुरुषासमोर कधी बोलत नसे. तिनं पदर सावरला. "मागं न्हाई, मास्तर. म्होरं, डाव्या भिंतीला लावून बसवा. त्याला उजवीकडून ऐकू येतंय."

दिनकररावांनी पहिल्या ओळीतल्या दोन पोरांना सरकायला सांगितलं.