दुसरा हेडफोन

गाडीच्या कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या माणसाकडे लॅपटॉप असतो, तसा त्याच्याकडेही आहे. पण काम सुरू करताना तो आधी खुंटीवरची तांब्याची नळी काढतो. नळी हातभर लांब आहे. तिचं एक टोक ठोकून चपटं केलंय आणि त्याला भोक पाडलंय. हे टोक इंजिनाच्या अंगावर बोल्टने आवळायचं. दुसऱ्या टोकाची रबरी नळी खिडकीतून गाडीत येते, तिथे तिला दोन फाटे फुटतात आणि प्रत्येक फाट्याला एक हेडफोन. कारखान्यात यंत्रापाशी उभी राहणारी माणसं लावतात तसला जाड, कान पूर्ण झाकणारा. त्यात वीज नाही, तार नाही. स्टेथोस्कोपसारखी नुसती हवा.

एक हेडफोन त्याचा, दुसरा गिऱ्हाइकाचा. "ऐका तुमच्या गाडीचं पोट," म्हणत तो पुढे करायचा. गिऱ्हाईक अर्धा मिनिट ऐकायचं, "वा!" म्हणायचं आणि परत द्यायचं. त्यातलं कुणाला काही कळत नसे, आणि कळावं अशी त्याची अपेक्षाही नव्हती.

त्याचं वय अठ्ठावन्न. चाळिशीपर्यंत तो कार्बोरेटर उघडून बसायचा. मग गाड्यांत कॉम्प्युटर आले आणि तो दोन बोटांनी लॅपटॉप चालवायला शिकला. समोरच्या स्पेअर पार्टवाल्याने त्याचं नाव 'कानसेन' ठेवलं, ते चिकटलं.

काम सांगायला सोपं आहे. गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये आकड्यांचे तक्ते असतात. इंजिन इतक्या वेगात फिरतंय, इतका भार आहे, तर पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी नेमकी कधी पाडायची, हे त्यात लिहिलेलं असतं. या तक्त्यांना धंद्यात मॅप म्हणतात. कंपनी हे आकडे हात राखून भरते, कारण गाडी कोण, कुठे, कशी चालवेल हे तिला माहीत नसतं. कानसेन ते बदलतो. ठिणगी थोडी आधी पाडली की जोर वाढतो. पण फार आधी पाडली, तर पेट्रोल आतल्या आत अवेळी फुटतं आणि पिस्टनवर हातोडे बसतात. त्याला नॉकिंग म्हणतात. डब्यात बारीक खडी हलवल्यासारखा आवाज येतो. ठिणगीची वेळ डिग्रीत मोजतात. तो आवाज यायला लागला की एक-दोन डिग्री मागे यायचं. सगळी कला एवढीच.

हा आवाज ऐकायला कंपनी इंजिनात स्वतःचा एक कान बसवून देते, म्हणजे सेन्सर. जुन्या इंजिनात व्हॉल्व्ह वाजतात, सेन्सर त्यांनाच नॉकिंग समजतो आणि उगाच जोर कमी करतो. म्हणून कानसेन त्याला थोडा बोथट करून ठेवायचा. त्याला स्वतःचा कान जास्त भरवशाचा वाटायचा.

गेली दोन वर्षं तर त्याची चलती होती. त्याच्या हातची गाडी पूर्वीपेक्षा जोरात पळायची. लांबून माणसं यायला लागली. इतका फरक कसा पडला म्हणून कुणी विचारलं की तो सांगायचा, "पेट्रोल सुधारलंय हो." मधे एका गाडीचा पिस्टन फुटला. तेव्हा "कुठेतरी भेसळीचं भरलं असेल," असं त्याने मालकाला सांगितलं. त्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास होता.

काचेच्या आडोशामागे बसून फोन आणि नोंदी सांभाळणारी त्याची बायको एवढंच म्हणायची, "टीव्हीचा आवाज कमी करा हो."

त्या सकाळी गुरांची डॉक्टरीण आपली जुनी पेट्रोल गाडी घेऊन आली. चाळिशीची, रबरी बूट घातलेली.

"काका, मला शर्यत लावायची नाहीये. मागे ट्रेलर असतो, त्यात आजारी गाय, नाहीतर घोडा. चढावर गाडी दमते, मी गिअर बदलते, हिसका बसतो आणि माझा पेशंट आडवा होतो."

"म्हणजे खालून ओढ पाहिजे."

"हां, तेच. आणि पेशंटने तक्रार करू नये."

जमिनीत बसवलेल्या रोलरवर गाडीची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. त्याने नळी आवळली, एक हेडफोन स्वतः घातला, दुसरा तिला दिला. पहिला फेरा ठीक झाला. एक डिग्री वाढवली, लॅपटॉपच्या पडद्यावरची जोराची रेघ वर सरकली. आणखी एक वाढवली. डॉक्टरीण "वा!" म्हणाली नाही. डोळे मिटून बसली होती.

"काका, हे काय वाजतंय?"

"काय?"

"हे. टिक-टिक. थांबलं आता. परत आलं बघा."

"व्हॉल्व्ह असतील."

"ते मघापासून ऐकतेय मी, ते खालच्या आवाजात आहेत. हे त्याच्या वर आहे. डब्यात बारीक खडी हलवल्यासारखं."

त्याने अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला. खडीचा डबा त्याने तिच्यापुढे उच्चारला नव्हता. रबरी नळीत कचरा असेल म्हणून त्याने तिच्यात हवा मारली. मग हेडफोनची अदलाबदल केली. तिला त्याच्या हेडफोनमध्ये खडी ऐकू आली, त्याला तिच्या हेडफोनमध्ये आली नाही.

डॉक्टरणीने इंजिन बंद करायला लावलं, हेडफोन काढून त्याला गाडीतून उतरवलं आणि ती त्याच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. क्षणभराने म्हणाली, "आलं ऐकू?"

"तुम्ही करा तर काही."

"केलं, काका. कानाशी बोटं घासली. दोन्ही बाजूंना."

आडोशामागून बायको बाहेर आली होती. "म्हणजे यांना खरंच ऐकू येत नाही?" ती म्हणाली. "मला वाटत होतं, फक्त माझंच येत नाही."

कोणी हसलं नाही, असं नाही. डॉक्टरीण हसली. तोही हसला, पण उशिरा.

ती गाडी त्याने डॉक्टरणीच्या कानावर पुरी केली. ती बोट वर करायची, तो आकडा खाली आणायचा. ती गेल्यावर त्याने दिवसाची बाकीची कामं पुढे ढकलायला सांगितली आणि लॅपटॉप उघडला.

प्रत्येक गाडीच्या दोन फायली तो ठेवतो, आली तेव्हाची आणि गेली तेव्हाची. त्याने जुन्या फायलींपासून सुरुवात केली. कुठल्या गाडीची ठिणगी आपण किती पुढे नेली, तेवढा आकडा तारखेसमोर कागदावर लिहीत गेला. पंधरा वर्षं आकडा तीनच्या आसपास होता. गाड्या बदलल्या, पेट्रोलपंप बदलले, पण तो फारसा हलला नाही. दोन वर्षांपूर्वीच्या मार्चपासून मात्र तो चढायला लागला. साडेतीन, चार, पाच. गेल्या महिन्यात सहा.

पेट्रोल सुधारलं नव्हतं. गाडीचा कान त्याने स्वतःच बोथट केला होता, आणि त्याचा स्वतःचा गेला होता. अशा त्रेसष्ट गाड्या रस्त्यावर होत्या.

"किती?" बायकोने विचारलं.

"त्रेसष्ट."

"मग बसलात काय? नंबर काढते मी."

कानाच्या डॉक्टरांनी नेहमीचा प्रश्न विचारला, कधीपासून? लोक या प्रश्नाला "बरेच दिवस" असं उत्तर देतात. त्याने खिशातून कागद काढून टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी तो उलटसुलट पाहिला, मग समजावून घेतला. वरच्या पट्टीतले बारीक आवाज आधी जातात, बोलणं बराच काळ ऐकू येत राहतं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही, असं त्यांनी सांगितलं. यंत्र दिलं. त्यात माणसं ऐकू येतात, खडी येत नाही. जाताना डॉक्टरांनी त्या कागदाची प्रत मागून घेतली.

पहिला फोन त्याने पिस्टन फुटलेल्या मालकाला केला. "पेट्रोल चांगलं होतं तुमचं," तो म्हणाला. "चूक माझी होती." पलीकडचं बोलणं बराच वेळ चाललं. नवीन यंत्रातून ते सगळं स्वच्छ ऐकू आलं. त्या गाडीचं इंजिन त्याने उघडलं आणि आठ दिवस खपून पुन्हा बांधून दिलं.

बाकीचे फोन बायकोने केले. गाड्या परत यायला लागल्या. आता त्याचा हेडफोन तिच्या डोक्यावर असतो. तिला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही, पण खडी वाजली की ती बोट वर करते. "मला काय, तांदूळ निवडताना खडा वाजतो तसं वाटतं," ती म्हणते. स्पेअर पार्टवाल्याने कानसेन हे नाव तिला देऊन टाकलंय. तिने ते घेतलेलं नाही.

सगळे सरळपणे आले नाहीत. चौकातल्या फुलवाल्याची छोटी व्हॅन सहा डिग्रीची होती, यादीतली शेवटची. तिसऱ्या फोननंतर तो आला, तो भांडायलाच.

"कान तुमचे गेले, माझी गाडी कशाला हळू करता? बाजारात सगळ्यांच्या आधी पोचतो मी."

"पिस्टन फुटेल."

"तीन महिने झाले. फुटला का?"

"नाही."

"मग?"

फुटेल की नाही, कधी फुटेल, हे कानसेनला माहीत नव्हतं. त्याने व्हॅन रोलरवर घेतली, नळी आवळली आणि दुसरा हेडफोन फुलवाल्याच्या डोक्यावर ठेवला. "आकडा तोच ठेवलाय," तो म्हणाला. "पिस्टनवर हातोडे बसले की डब्यात खडी हलवल्यासारखं वाजतं. ते वाजलं तर सांगा."

मग त्याने पाय दाबला. रेघ वर चढत गेली. बायकोचं बोट वर गेलं आणि वरच राहिलं. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. तो फुलवाल्याचा चेहरा पाहत होता. आधी त्यावर कंटाळा होता. मग भुवया जवळ आल्या. मग फुलवाल्याने दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर घट्ट दाबला आणि गाडीच्या बॉनेटकडे असं बघितलं, जणू ते आता उघडणार आहे.

"बंद करा," तो ओरडला. "बंद करा ना! हे रोज वाजतंय?"

कानसेनने पाय काढला.

"किती कमी कराल?" फुलवाल्याने विचारलं. त्याने हेडफोन काढला नव्हता.

"ते मला विचारू नका," कानसेन म्हणाला आणि लॅपटॉप मांडीवर ओढला. "तुम्हीच सांगा, थांबलं की."