चारशे सातची तपासणी

माझ्या मोठ्या आत्याच्या मते जगातल्या प्रत्येक खोलीत नुकतंच कुणीतरी आजारी पडून गेलेलं असतं. आपल्या आधी इथे कोण होतं, त्याला काय झालं होतं आणि तो गेल्यावर गादी उन्हात टाकली होती का, या तीन प्रश्नांची समाधानकारक उत्तरं मिळाल्याशिवाय ती कुठेही टेकत नाही. चौतीस वर्षं तिनं पालिकेच्या एका इस्पितळात काढली, त्यातली शेवटची बरीचशी मेट्रन म्हणून. निवृत्त होऊनही आता पुष्कळ दिवस झाले, पण ही बातमी अजून तिच्यापर्यंत पोचलेली नाही. कडक स्टार्चची सुती साडी, खांद्यावर पिन, मनगटावर आतल्या बाजूला फिरवून बांधलेलं घड्याळ आणि पर्समध्ये एक पांढरा रुमाल. हा रुमाल नाक पुसायचा नव्हे. तो पंख्याच्या पात्यावरून, दाराच्या वरच्या चौकटीवरून आणि यजमानांच्या शोकेसमागून फिरवायचा. रुमालाकडे एक नजर, यजमानांकडे एक नजर, आणि मग काही न बोलता रुमालाची घडी. त्या न बोलण्यानं आमच्या नात्यातली तीन घरं दुखावली गेली आहेत.

घाटकोपरच्या काकूंकडे आम्ही एकदा दिवाळीच्या फराळाला गेलो होतो. काकू पलंगावर बसलेल्या असतानाच आत्यानं त्यांच्याखालची चादर काढली, झटकली आणि चारी कोपरे इस्पितळी पद्धतीनं घट्ट खोचून परत घातली. काकूंना तिनं फक्त एवढंच सांगितलं, "या कुशीवर व्हा. आता त्या कुशीवर." आणि काकू झाल्यासुद्धा. आत्याच्या आवाजात असं काहीतरी आहे की माणूस आधी जीभ बाहेर काढतो आणि मग विचार करतो. तिला कुणी नमस्कार केला की ती आशीर्वाद देते, पण हात सोडत नाही. घड्याळाकडे बघत नाडी मोजते. सौरभ पहिल्यांदा आमच्या मुलुंडच्या घरी आला, वाकून तिच्या पाया पडला, तेव्हा तिनं त्याला मनगटाला धरूनच उठवलं. आईच्या हातातला पोह्यांचा ट्रे तसाच. पूर्ण एक मिनिटानं आत्या म्हणाली, "एकशे चार. घाबरलाय. पण ठोका चुकत नाही. होकार द्यायला हरकत नाही."

मला आधीच होकार द्यायचा होता, पण तो मोठ्यानं कसा द्यावा हे कळत नव्हतं. कॉन्व्हेंटमध्ये मी दहा वर्षं एकदाही हात वर न करता काढली होती. माझं लग्न असं आत्याच्या वैद्यकीय शिफारशीवर ठरलं.

आता मूळ गोष्ट. सौरभचं घर बोरिवलीला, वन बीएचके. घरात सासूबाई, सासरे आणि एक दीर. बेडरूम आम्हाला मिळणार होती, पण त्या बेडरूममधूनच बाल्कनीत जावं लागतं आणि बाल्कनीत वॉशिंग मशीन. पाणी सकाळी सहाला येतं. सासूबाईंनी पहिल्याच भेटीत मला प्रेमानं सांगितलं होतं, "तू झोप गं खुशाल, मी आपली पावलं न वाजवता जाईन मशीन लावायला." त्या खरंच चांगल्या आहेत. पण त्या रात्री मी मशीनकडे जाणाऱ्या त्या न वाजणाऱ्या पावलांचा विचार करत जागी राहिले. दुसऱ्या दिवशी सौरभ म्हणाला, "एक रात्र. फक्त एक रात्र हॉटेलात राहू यार. मग आयुष्यभर मशीन आहेच." सुट्टी दोघांनाही नव्हती, त्यामुळे फिरायला जाणं लांबणीवर पडलं होतं. तेव्हा बंद दारामागे मिळणारा आमचा वेळ म्हणजे ती एक रात्रच. मी फोनवर चोरून तीन हॉटेलं काढून ठेवली.

चोरून म्हणजे आमच्या हॉलमध्ये, जिथे दिवाणावर आत्या झोपते. तिनं चष्मा नाकावर ओढला. "कसल्या खोल्या बघतेस? कुणाला ॲडमिट करायचंय?"

मी सांगितलं नाही. पण माझे कान लाल झाले असावेत, आणि आत्या लक्षणांवरून निदान करते. रात्री जेवताना तिनं जाहीर केलं, "हिच्या पहिल्या रात्रीची खोली मी बघणार. फोटोवरून कुणी वॉर्ड निवडतं का?" बाबा आमटीत एकदम खोल बुडाले. आई म्हणाली, "अहो वन्सं, हळू." आत्या म्हणाली, "हळू काय? ताप आल्यासारखं काय करता सगळे?"

पुढच्या शनिवारी ती मला घेऊन निघाली. पहिलं हॉटेल अंधेरीला, विमानतळाच्या बाजूला. रिसेप्शनवरच्या मुलीनं हसून विचारलं, "गेस्ट कोण आहेत मॅम?" आत्यानं मला खांद्याला धरून पुढे केलं आणि तीस खाटांच्या वॉर्डच्या शेवटापर्यंत पोचेल अशा आवाजात सांगितलं, "ही. लग्नाची पहिली रात्र आहे." लॅपटॉपच्या बॅगा घेतलेले चार पुरुष वळून बघू लागले. मी तिथल्या माशांच्या टाकीचा सखोल अभ्यास केला. त्यात सात मासे होते आणि त्यांपैकी एक माझ्याइतकाच लाल होता. वर खोलीत पलंगावर टॉवेलांचे दोन हंस करून ठेवले होते, माना एकमेकांना टेकवलेल्या. आत्यानं एक हंस मान धरून उचलला. "हे दिवसभर किती हातांनी वळलंय? अंग पुसायचं असतं ह्यानं." हंस उलगडला, प्रकाशात धरला, आणि हॉटेल बाद.

दुसरं मरोळला, नवंकोरं. तिथे पलंग आणि न्हाणीघर यांच्यामध्ये भिंतच नव्हती, आरपार काच होती. दाखवायला आलेल्या मॅनेजरनं अभिमानानं सांगितलं, "कपल्सना हे खूप आवडतं मॅडम. रोमँटिक लुक."

"आमच्याकडेही अशी काच असते," आत्या म्हणाली. "आयसीयूला. पेशंट पडला तर बाहेरून दिसावा म्हणून."

"पडदा आहे ना मॅडम, रिमोटवर."

"आणि लाइट गेली की?"

मॅनेजरनं माझ्याकडे मदतीसाठी बघितलं. चुकीच्या माणसाकडे बघितलं.

तिसरं हॉटेल बोरिवली पूर्वेला, हायवे सोडून आत, जुनं, चार मजली, मागच्या बाजूला नॅशनल पार्कची झाडं. चारशे सात नंबरची खोली. हंस नव्हते, काच नव्हती. आत्यानं रुमाल फिरवला; रुमाल बराचसा पांढराच राहिला. गरम पाण्याखाली तिनं मनगट धरलं, बाळाच्या अंघोळीला धरतात तसं. मग भिंतींची पाळी आली. "मी बाहेर उभी राहते. तू आतून मोठ्यानं ओरड."

"काय ओरडू?"

"काहीही. हाक मार मला."

ती बाहेर गेली, दार लागलं. मी घसा खाकरला. शेजारच्या खोलीत कुणी असेल तर, असा विचार आला. मग मी म्हटलं, "आत्या."

दारापलीकडून काही नाही. मी पुन्हा म्हटलं. दोन मिनिटांनी दार उघडून ती आत आली, चेहरा उजळलेला. "एक अक्षर ऐकू आलं नाही! भिंती पास."

हाक किती हळू मारली होती ते मी सांगितलं नाही. मला ती खोली हवी होती.

शेवटी तिनं दाराची आतली कडी लावून बघितली. उघडली. पुन्हा लावली. असं तिनं आधीच्या दोन्ही हॉटेलांत केलं होतं, पण इथे चार-पाचदा केलं, आणि कडीवर बोट ठेवून थोडा वेळ उभी राहिली. मग वही काढून लिहिलं, 'दहापैकी सात'. ही तिच्या वहीतली कमाल मर्यादा. "आठ दिले की लोक बिघडतात," असं तिचं मत आहे.

खोली ठरली, लग्नाच्या तारखेला नोंदवली, सगळं झालं. आणि लग्नाला आठ दिवस राहिले असताना सासूबाईंचा फोन आला. त्यांच्या घरी गृहप्रवेशानंतरची पहिली रात्र नवी सून पाठराखणीबरोबर झोपते, म्हणजे माहेरून सोबतीला आलेल्या बाईबरोबर. दुसऱ्या दिवशी सत्यनारायणाची पूजा होईपर्यंत नवरा-नवरी वेगळे. कोकणातले पाहुणे उतरणार, घरात पाय ठेवायला जागा नसणार. "पण तुम्ही ते हॉटेल घेतलंयच ना," सासूबाई आनंदानं म्हणाल्या, "मग नवरी आणि पाठराखीण तिथेच झोपतील की! बरं झालं बाई, देवच पावला." हॉटेलवाल्यांना तारीख पुढे ढकलायला विचारलं, तर दुसऱ्या दिवसापासून सगळ्या खोल्या कुठल्याशा कंपनीनं घेतलेल्या. आणि आमच्याकडून पाठराखीण म्हणून जाण्याजोगी एकच बाई मोकळी होती.

आत्या दिवाणावर बसली. तिनं गादी तपासली होती, पाणी तपासलं होतं, भिंती तपासल्या होत्या. फक्त तुमच्याकडची पद्धत काय, एवढं सासूबाईंना विचारायचं राहिलं होतं. शेवटी म्हणाली, "वॉर्ड बरोबर, खाट बरोबर. पेशंट चुकीचा भरती केला गं मी."

तर अशी मी माझ्या लग्नाच्या रात्री, हातभर हिरवा चुडा घालून, चारशे सातमध्ये माझ्या मोठ्या आत्याशेजारी झोपले. हॉटेलवाल्यांनी पलंगावर गुलाबाच्या पाकळ्यांचा बदाम काढून ठेवला होता. आत्यानं तो दोन्ही हातांनी गोळा करून बेसिनजवळच्या ग्लासात भरला. चादरीचे कोपरे नव्यानं खोचले. मग तिनं जाऊन कडी लावली आणि परत येताना, माझ्याकडे न बघता, म्हणाली, "आतून कडी लावून झोपायची ही माझी पहिलीच वेळ."

मला आधी कळलं नाही. मग मी मनात हिशेब केला. लहानपणी भावंडांची एकच खोली. नर्सेस होस्टेलात चार खाटा, आणि कुणी ना कुणी रात्रपाळीहून परतणार म्हणून दार सदा उघडं. वॉर्डांच्या दारांना आतून कडी नसतेच. आणि नंतर आमचा हॉल, ज्याला दारच नाही, ज्यातून आम्ही सगळे रात्री पाणी प्यायला ये-जा करतो. तिच्या दिवाणाजवळून. पावलं न वाजवता.

मला काहीतरी बोलायचं होतं. पण बघते तर आत्या झोपली होती.

सकाळी साडेसात वाजता मी उठले तेव्हा ती अंघोळ करून, स्टार्चची साडी नेसून फोनवर बोलत होती. "जावईबापू, झोपला होतात? उठा. वीस मिनिटांत इथे या. नाही, कुणी आजारी नाही."

सौरभ चुरगळलेल्या टी-शर्टवर आला, कपाळावर कालच्या अक्षतेचा एक दाणा चिकटलेला. आत्यानं दारातच त्याचं मनगट धरलं. "एकशे बारा."

"जिन्यानं आलो आत्या. काय झालं? सगळं ठीक ना?"

"बारा वाजता खोली सोडायची आहे. आत्ता आठ वाजतायत. व्हिजिटिंग अवर्स आठ ते बारा."

सौरभ माझ्याकडे बघू लागला, मी चपलांकडे. "पण आई म्हणाली होती, पूजेआधी..."

"पूजेआधी नवरा-बायकोनं चहा पिऊ नये, बोलू नये, असं कुठल्या पोथीत लिहिलंय? मी पाठराखीण आहे ना? मग पाठ राखते. खाली बसते लॉबीत." तिनं पर्स उचलली, आणि जाताना कडीकडे बोट दाखवलं. "ती जरा वर उचलून सरकवायची. मग नीट बसते."

त्या चार तासांत काय झालं हे सांगायला मी काही आत्या नाही. एवढं सांगते की दोनदा चहा मागवला, आणि मी बोलले. शाळेत कधीच वर न केलेला हात, मशीनच्या पावलांची भीती, माशांच्या टाकीतला लाल मासा, सगळं. सौरभ मध्येच म्हणाला, "तुला इतकं बोलता येतं?" मला पण ते तेव्हाच कळत होतं.

बाराला पाच कमी असताना आम्ही खाली आलो. आत्या लिफ्टच्या बरोबर समोरच्या खुर्चीत ताठ बसली होती, पर्स मांडीवर, एखाद्या ऑपरेशन थिएटरबाहेर बसावं तशी. सासूबाईंचे दोन फोन येऊन गेले होते. "सांगितलं त्यांना, पूजेचे नारळ आणायला पाठवलंय मी जावयांना," ती म्हणाली. चौतीस वर्षांत पेशंटच्या कागदावर एक आकडा खोटा न लिहिलेली बाई. "वाटेत दोन नारळ घ्या म्हणजे झालं. आणि हे बघ, खोलीला किती?"

"दहा," मी म्हटलं. लॉबीत. चांगलं मोठ्यानं.

"दहा कुणी देतं का, वेडे? गीझर उशिरा तापतो." पण तिनं वही काढली, आणि मी तिच्या खांद्यावरून पाहिलं, तिनं सातावर काट मारून आठ लिहिलं.

या गोष्टीला आता दोन वर्षं होतील. आम्ही मरोळला भाड्यानं राहतो. दुसरी खोली इतकी छोटी आहे की तिच्यात एक खाट मावते आणि खाटेवरचा माणूस. सामान लावायच्याही आधी मी सुताराला बोलावून तिच्या दाराला आतून कडी बसवून घेतली. सौरभनं का म्हणून विचारलं नाही. महिन्यातून दोन शनिवार आत्या मुलुंडहून येते. येते ती रुमाल काढूनच. पंखा, चौकट, शोकेस. त्या खोलीला तिनं सहा दिले आहेत, कारण खिडकी अडते. जेवण झालं की दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून उठते, आम्हा दोघांची नाडी बघते आणि आत जाते. मग कडी लागल्याचा आवाज येतो. उघडल्याचा. पुन्हा लागल्याचा.

जन्मभर पहाटे साडेचारला उठणारी बाई रविवारी नऊपर्यंत बाहेर येत नाही. चहा दोनदा गार होतो. आम्ही दार वाजवत नाही.