मारोतनगरचे संस्थापक

भंडाऱ्याबाहेर, बोडीखालच्या, म्हणजे लहान तळ्याखालच्या, धानाच्या जमिनीवर सत्त्याहत्तर साली लेआउट पडला, आणि त्यात पहिलं घर मारोतरावांनी बांधलं. पहिलं घर बांधणाऱ्याच्या नावानं वस्ती ओळखली जावी, असा नियम कुठे नाही; मारोतरावांनी तो स्वतःपुरता करून घेतला होता. 'मारोतनगर' ही अक्षरं त्यांनी रेतीच्या ढिगावर काडीनं लिहून पाहिली होती आणि ती त्यांना शोभून दिसली होती.

गृहस्थ मूळचे आसगावचे. बाप, आजा चिखलात धानाचा रोवणा करून गेले. मारोतराव कचेरीत बाबू झाले आणि आपल्या पायांना चिखल कधी लागलाच नव्हता, असं त्यांनी ठरवून टाकलं. गाव विचारलं तर "पवनी साइड" म्हणत. घरात कुणी 'मले' म्हटलं की कपाळाला आठी. घराला ओटा ठेवला नाही, कारण ओटा खेडवळ. जोतं उंच घेतलं नाही, कारण बंगल्यात म्हणे मोटारीतून उतरून थेट आत जायचं असतं. मोटार नव्हती. सायकल होती, तिची चेन उतरायची. फरशी मात्र मोझॅकची, नागपूरहून आणलेली.

प्लॉटच्या कोपऱ्यातून एक पाट जायचा, बोडीचं पाणी खालच्या बांध्यांना नेणारा; धानाच्या खाचराला तिकडे बांधी म्हणतात. एका उन्हाळ्यात मारोतरावांनी तो मुरमानं बुजवला आणि वर मेंदी लावली.

लेआउटच्या खालच्या अंगाला टिकारामचं धान होतं. तो येऊन उभा राहिला.

"बाबूजी, पाट काहून बुजवला? आश्विनात बोडी सोडू तं पाणी कोनीकडून जाईन?"

"ही आता कॉलनी आहे. इथे पाणी नळातून येईल."

"नळाले टाइम हाये," टिकाराम म्हणाला. "बोडी दरसाल येते."

मारोतरावांना हे कळत नव्हतं असं नाही. धान निसवलं की बोडी सोडतात, हे आसगावच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण ठाऊक आहे असं दाखवणं म्हणजे आपण आसगावचे असल्याचं कबूल करणं. त्यापेक्षा मेंदीला पाणी घालणं त्यांना बरं वाटलं.

वस्तीचं नाव ठरवायची बैठक आश्विनातल्या एका रविवारी सकाळी त्यांच्याच हॉलमध्ये भरली. टेरिकॉटच्या पँटी घातलेले झाडून सारे शेतकऱ्यांचे लेक सोफ्यावर अवघडून बसले होते. शेजारचे श्यामराव कोंढा गावचे, पण तेही स्वतःला 'इकडचेच' म्हणवत. पाट मोकळा होईल म्हणून टिकारामनं चार दिवस वाट पाहिली होती. धानाला वाट पाहता येत नाही. चहा आला, आणि त्याच्यामागोमाग दारातून बोडी आत आली.

पहिल्यांदा श्यामरावांनी पाय वर घेतले. मग सगळ्यांनी. पाणी मेंदीशी अडून मागे फिरलंय आणि तो भराव फोडला की झालं, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला दिसत होतं. पण बोलणाऱ्याच्याच हातात फावडं आलं असतं.

मारोतरावांच्या बायकोनं, कुंताबाईनं, लुगडं वर खोचलं आणि नवऱ्याच्या कानाशी वाकली. "अवो, उठा न. थो मुरूम फोडा. दोन फावड्याचं काम हाये. आसगावात तं डोये मिटून करत होते."

"पालिकेला कळवू," मारोतराव मोठ्यानं म्हणाले.

"कळवायलाच पाहिजे," श्यामराव सोफ्यावर मांडी घालत म्हणाले. "हे काही आपलं काम नाही."

कपबश्या तरंगू लागल्या. लवकर सुटका व्हावी म्हणून 'मारोतनगर' हे नाव एकमतानं मंजूर झालं, आणि मंडळी चपला हातात घेऊन शेतातून निघाल्यासारखी एकामागे एक निघाली. त्या चालीत मात्र कुणाची चूक झाली नाही. भराव शेवटी कुंताबाईनंच फोडला. तोवर मोझॅक उखडलं होतं.

फाट्यावर निळी पाटी लागली. मारोतराव जाता-येता तिच्याकडे न पाहिल्यासारखं करून पाहत.

पुढच्या वर्षी ते एकदा पवनीहून एस.टी.नं आले आणि स्टँडवर सायकलरिक्षात बसत म्हणाले, "मारोतनगर."

"थे कोनतं जी?"

मारोतरावांनी रस्ता सांगितला, वळण सांगितलं, पाटीही सांगितली.

"हव, मारोतबाबूची बांधी," रिक्षावाला पायडलवर चढत म्हणाला. "पयलेच सांगा न तसं. साऱ्या भंडाऱ्याले मालूम हाये."

मारोतरावांना उतरून चालत जावंसं वाटलं. पण पायांत नवे बूट होते आणि रस्त्यावर चिखल होता.