वीस खंड घेऊन ऑलिम्पियाला

माझा नवरा माधव मंगळवारी सकाळी नेहमीसारखा ऑफिसात गेला. अकरा वाजता ऑफिसातून फोन आला. मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा डॉक्टर दारात उभे होते.

त्यानंतर चार महिन्यांनी, दोन हजार सातच्या फेब्रुवारीत, मी त्याची गाडी घेऊन ऑलिम्पियाला निघाले. ऑलिम्पिया ही वॉशिंग्टन राज्याची राजधानी. अध्यक्ष राहतात ते वॉशिंग्टन देशाच्या दुसऱ्या टोकाला आहे. आमचं राज्य पॅसिफिकच्या बाजूचं. आम्ही राहतो ते गाव कॅस्केड पर्वताच्या पूर्वेला, सफरचंदांच्या बागांमध्ये आहे. तिथल्या सार्वजनिक वाचनालयात मी अर्धा दिवस काम करते. लग्नाआधी नगरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते.

माधव एका प्रादेशिक शिक्षण सेवा केंद्रात होता. हा प्रकार आपल्याकडे नाही, म्हणून सांगते. आमच्या भागात शाळा लहान आणि लांब लांब आहेत. कर्णबधिर मुलांसाठी शिक्षक, बोलायला शिकवणारे तज्ज्ञ, ब्रेल पुस्तकं, हे एकेका शाळेला परवडत नाही. मग वीसपंचवीस शाळांचं मिळून एक केंद्र असतं आणि केंद्राची माणसं गाडी घेऊन शाळाशाळांत जातात. माधव गणिताची पुस्तकं ब्रेलमध्ये करायचा. समीकरणांचं ब्रेल अवघड. अख्ख्या राज्यात ते करणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

तो गेला तेव्हा नववीच्या बीजगणिताचं काम चालू होतं. सव्वीस खंड व्हायचे होते, एकवीस झाले होते. ते वाचणारी मुलगी मारिसोल. तिचे आईवडील बागांमध्ये फळं उतरवतात. झालेले खंड तिला एप्रिलपर्यंत पुरणार होते. पुढचे करायला माणूस नव्हता आणि राज्याच्या नव्या अंदाजपत्रकात ती जागाच गाळलेली होती. केंद्राची प्रमुख कॅरल एका संध्याकाळी घरी आली.

"विधिमंडळाच्या समितीपुढे बोलायला माधव जाणार होता," ती म्हणाली. "तू येशील?"

"मला भाषण येत नाही."

"भाषणं करणारे पुष्कळ आहेत. त्याची ती कार्डं मात्र तुझ्याशिवाय कुणाला समजत नाहीत."

कार्डांची पद्धत माझी होती. कुठलं पुस्तक, किती खंड, कुठल्या शाळेला गेलं, कधी परत आलं, याचं प्रत्येकी एक कार्ड. लग्नानंतर मी माधवला ते शिकवलं होतं, आणि तो मला हसत हसत शिकला होता.

खंड बरोबर न्यायचं ठरलं. मारिसोलने बारावा ठेवून घेतला, कारण वर्गात तो चालू होता. उरलेले वीस आम्ही गाडीत भरले. ब्रेलचा कागद जाड, ठिपके दबू नयेत म्हणून एकावर एक फार रचायचे नाहीत. मागची सीट भरली, डिकी भरली, आमच्या दोघींच्या बॅगा कॅरलच्या पायाशी आल्या.

आमच्याकडचे डोंगर उघडे, त्यांवर सेजब्रश (राखाडी, खुरटी झुडपं) आणि दूरपर्यंत दुसरं काही नाही. तासाभरात रस्ता चढायला लागला आणि देवदारासारखी काळपट झाडं दोन्ही बाजूंनी जवळ आली. घाटात बर्फ पडत होता. चाकांना साखळ्या लावल्याशिवाय पुढे सोडत नव्हते. साखळ्या डिकीत, तिथल्या खंडांच्या खाली. रस्त्याकडेला उभं राहून आम्ही खंड काढले, माझ्या शालीत गुंडाळून पुढच्या सीटवर ठेवले, साखळ्या काढल्या. कॅरल चांगल्या स्कर्टमध्ये बर्फात गुडघे टेकून बसली आणि मी टॉर्च धरला. एक साखळी उलटी लागली. मागच्या ट्रकमधला माणूस उतरून आला, त्याने ती सरळ लावली आणि मग विचारलं, "पुस्तकं विकता का?"

"नाही," कॅरल म्हणाली, "वाचवतो."

घाट उतरला की बर्फाच्या जागी पाऊस लागतो. बेलव्ह्यूला पोचेपर्यंत सगळं हिरवं आणि ओलं होतं. तिथे माझी मैत्रीण मीना राहते. तिचा नवरा सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिने थालीपीठ आणि लोणी वाढलं. कॅरलने तीन थालीपिठं खाल्ली आणि मधलं भोक कशासाठी असतं ते विचारून घेतलं. मीनाची मुलगी ऋचा, इथेच जन्मलेली, ऑलिम्पियात एका आमदाराच्या ऑफिसात काम करते. मीनाने बेसनाच्या लाडवांचा डबा माझ्या हातात दिला. "ऋचाला दे. तिच्या साहेबांनाही दे. गोड खाल्लं की माणूस ऐकतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑलिम्पिया दिसलं: तळ्याकाठच्या टेकडीवर राखाडी घुमट आणि वरचं आकाश त्याच रंगाचं. ऋचा आम्हाला विधानभवनाच्या कॅंटीनमध्ये भेटली. आम्ही चावडर (शिंपल्यांचं दाट, दुधाळ सूप) घेतलं. तिने माझं टिपण हातात घेतलं आणि पानं मोजली.

"काकू, अकरा पानं? सीरियसली?"

"त्यात सगळं आहे. संदर्भसूचीसुद्धा."

"दोन मिनिटं मिळतात, काकू. हिरवा लाइट, यलो लाइट, रेड लाइट. रेड झाला की उठायचं. आणि देऊन जायचा तो कागद एकच. दुसरं पान कोणी टर्न करत नाही."

मी डबा पुढे केला. साहेबांसाठी म्हटल्यावर तिने दोन्ही हात मागे घेतले. "नो वे! हिअरिंगच्या (सुनावणीच्या) आधी आमच्या ऑफिसात काही ॲक्सेप्ट करत नाहीत. आईला किती वेळा सांगितलंय!" मग तिने डब्यातला एक लाडू उचलला. "हा मात्र घरचा. हा चालतो." खाता खाता ती म्हणाली, "माधवकाका मला मॅथ्स शिकवायचे, आठवतं? एक एक्झाम्पल द्यायचे आणि गप्प बसायचे. तसं करा, काकू."

सुनावणीच्या दिवशी सकाळी राज्यातल्या सगळ्या नऊ सेवा केंद्रांचे प्रमुख हॉटेलात नाश्त्याला जमले. अशी भेट ते दरवर्षी घेतात. व्हिजिटिंग कार्डं देतात, एकमेकांची माणसं आणि यंत्रं उसनी मागतात, आणि मग सगळ्यांची मिळून एकच मागणी ठरवतात. नऊ मागण्या घेऊन गेलं तर समिती एकही ऐकत नाही. त्या वर्षी बहुतेकांना शाळांसाठी वेगवान इंटरनेट हवं होतं. समुद्राकडच्या केंद्राचा प्रमुख डेल, उंच आणि मोठ्या आवाजाचा, त्यांच्या वतीने बोलला.

"कॅरल, तुझं दुःख मला कळतं. पण ब्रेल किती मुलांचं? इंटरनेट सगळ्यांचं."

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. कॅरल बोलायला लागली आणि आवाज चढले. मला चढत्या आवाजात बोलता येत नाही. मी पिशवीतून कार्डांची पेटी काढली, प्रदेशांप्रमाणे कार्डं लावली आणि टेबलाभोवती फिरून प्रत्येकाच्या बशीशेजारी त्याची त्याची ठेवत गेले. वाचनालयात परत आलेली पुस्तकं लावताना जसं फिरते तशी. कुणापुढे दोन आली, कुणापुढे सात.

डेलपुढे चार आली. त्याने चष्मा लावला. "ही तर आमची शाळा."

"हो. भूमिती. नऊ खंड. वर्ष संपल्यावर परत आले."

"मला हे माहीतच नव्हतं."

"माहीत व्हायचं कारण नव्हतं," मी म्हटलं. "वेळेवर पोचले होते."

डेलने ती चार कार्डं पुन्हा वाचली. मग त्याने खिशातून पेन काढलं, मागणीपत्राच्या मसुद्यावर इंटरनेटच्या वर ब्रेलच्या जागेची एक ओळ लिहिली, आणि कागद शेजारी सरकवला. कागद फिरत फिरत कॅरलकडे आला तेव्हा त्यावर सगळ्यांच्या सह्या होत्या. हॉटेलच्या कचेरीत त्याच्या प्रती निघाल्या.

पाऊस चालू होता; विधानभवनाच्या पायऱ्या दगडी आणि ओल्या. हॉटेलची सामानाची ट्रॉली तिसऱ्या पायरीवर अडकली. मग सगळ्या प्रमुखांनी कोट काढून खंडांवर घातले आणि दोन-दोन, तीन-तीन खंड कवेत घेऊन चढले. डेल सगळ्यात पुढे होता. "पाणी लागू देऊ नका," तो ओरडत होता, "ते नंतर माझ्याकडे यायचे आहेत!"

सुनावणीच्या खोलीत इतकी गर्दी होती की समितीच्या अध्यक्षांनी प्रत्येकाला एकच मिनिट दिलं. माझं नाव त्यांना नीट उच्चारता आलं नाही; मी उठले. टेबलावर खंडांची भिंत झाली आणि बसल्यावर मी तिच्यापलीकडे दिसेना, म्हणून उभीच राहिले. इथे प्रत्येकाने आधी नोंदीसाठी नाव सांगायचं असतं. ते सांगितलं. हिरवा दिवा लागला.

"हे नववीचं बीजगणित आहे," मी म्हटलं. "तुमच्या मुलांच्या दप्तरात बसतं तेच पुस्तक." आणि गप्प बसले.

अध्यक्ष पुढे वाकून खंडांच्या पाठीवरचे आकडे बघत होते. "अकरानंतर एकदम तेरा. बारावा कुठे आहे?"

"बारावा शाळेत आहे, सर. आज त्यांचा बीजगणिताचा तास आहे."

कुणीतरी हसलं, पण चांगलं हसलं.

"हे पुस्तक किती मुलं वापरतात?"

"आत्ता एक. पुढच्या वर्षी ते दुसऱ्या शाळेत जाईल, त्यानंतर तिसऱ्या. एका शाळेने केलं असतं तर ते तिथल्याच कपाटात राहिलं असतं. केंद्र आहे म्हणून ते फिरतं." लाल दिवा लागला. मी कागद उचलले.

"थांबा," अध्यक्ष म्हणाले. "हा एका प्रदेशाचा प्रश्न की सगळ्यांचा?"

मी उत्तर देण्याआधी मागून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर मागच्या दोन रांगा उभ्या होत्या. शर्टांच्या बाह्या ओल्या, कोट खुर्च्यांवर वाळत टाकलेले. डेल म्हणाला, "नोंदीसाठी, सर, सगळ्यांचा."

अध्यक्षांनी पुढे विचारलं की पाच खंड बाकी का आहेत. मी सांगितलं की करणारा माणूस ऑक्टोबरात गेला. तो माझा नवरा होता हे सांगितलं नाही. मला त्यांनी पुस्तकाकडे बघत राहायला हवं होतं.

बाहेर आल्यावर ऋचा जिन्याशी उभी होती. "काकू, यू किल्ड इट!" ती म्हणाली आणि मला मिठी मारली. मग मात्र मी थोडी रडले. तिने डोकं माझ्या खांद्यावर तसंच ठेवलं आणि मराठीत म्हणाली, "काका किती खूश झाले असते."

परत येताना घाट मोकळा होता. माथ्यावर ऊन होतं, बर्फ डोळ्यांवर येत होता. कॅरल झोपली होती. इतकी वर्षं मला वाटत असे की माधवचं काम एकट्याचं आहे: एक खोली, एक यंत्र, फक्त बोटांना कळणारे ठिपके. त्या दिवशी ते काम पहिल्यांदा मी माणसांनी कवेत धरलेलं पाहिलं. तो ज्यांना कधी भेटला नाही अशी ती माणसं त्याच्यासाठी पावसात शर्टावर चालली होती. उतारावर सेजब्रश दिसायला लागलं तेव्हा मी मोठ्याने त्याचं नाव घेतलं. घर सोडून बाहेर असं चार महिन्यांत प्रथमच.

एप्रिलमध्ये अंदाजपत्रक मंजूर झालं. गाळलेली जागा परत आली आणि तिच्याबरोबर शिकाऊ माणसाची एक नवी जागा आली. कॅरलने फोनवर सांगितलं आणि मी वाचनालयात, सगळ्यांसमोर, टाळी वाजवली. शिकाऊ जागेसाठी मी अर्ज केला आणि ती मला मिळाली. ब्रेल शिकायला मला बराच वेळ लागला. बोटं पन्नाशीची आहेत. तोवर डेलच्या केंद्रातली एक बाई दर आठवड्याला उरलेले खंड करायला यायची, म्हणून मारिसोलचं कुठे अडलं नाही.

आता माधवच्या टेबलाशी मी बसते. बीजगणिताचे सव्वीस खंड झाले आहेत. मारिसोल दहावीत आहे आणि तिच्या शाळेतल्या भूमितीच्या नव्या पुस्तकाचे दोन खंड अजून व्हायचे आहेत.