कूलरसमोरची लायब्ररी

आम्ही जुने प्रोग्रामर दिवाळीत भेटलो की गप्पा कोडच्या होत नाहीत, कोडपायी झालेल्या फजितीच्या होतात. चहा संपतो, किस्से संपत नाहीत!

अमरावतीला राजापेठेत दोन खोल्यांचं ऑफिस होतं आमचं. देशमुख सर पुण्यातली नोकरी सोडून आलेले, गजानन अचलपूरचा आणि मी अकोल्याहून रोज अप-डाऊन करणारी. आम्ही लायब्ररी बनवत होतो. पुस्तकांची नव्हे, कोडची! ती सॉफ्टवेअरमध्ये बसवली की माणसानं हात न लावता डॉक्युमेंट आणि स्लाइड्स उघडायच्या, मजकूर बदलायचा, सेव्ह व्हायचं.

सरांनी हे एकदा त्यांच्या बाबांना समजावलं. जन्मभर शेती केलेले बाबा सगळं ऐकून म्हणाले, "मालकाले न इचारता कागद बदलते? मंग हा त आपला तलाठीच झाला!"

*

मे महिन्यात कूलर बंद करायची कोणाची हिंमत नव्हती. एकदा जर्मनीच्या कंपनीशी कॉल सुरू असताना तिकडच्या साहेबांनी काळजीनं विचारलं, "तुम्ही हेलिकॉप्टरमध्ये आहात का?"

सर शांतपणे म्हणाले, "नो सर, अमरावती!"

*

गजाननचं लग्न ठरलं. 'शब्द शोधा आणि बदला' हे काम तपासायला त्यानं स्वतःचीच पत्रिका घेतली आणि 'गजानन' काढून 'टेस्ट' टाकलं. मग नवरदेवाचं नाव आठवणीनं पूर्ववत केलं आणि फाइल छापायला दिली.

पत्रिका आली. सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, 'श्री टेस्ट प्रसन्न'!

त्याची आई म्हणे, "हे कोनतं नवीन दैवत आनलं बे तुनं?"

सरांनी ती पत्रिका टेबलाच्या काचेखाली ठेवली होती. आताचं ऑफिस मोठं आहे, एसी आहे. पण ते टेबल आणि कूलरच्या ओल्या गवताचा वास आठवला की जीव हळवा होतो.

*

त्या जर्मन कंपनीच्या कामावरच आमचं ऑफिस चालायचं. करार संपत आला होता. तो वाढला नाही, तर कुलूप लावून तिघांनीही पुण्याची गाडी धरायची, हे ठरलेलं.

नेमका तेव्हाच साहेबांचा प्रश्न आला, प्रत्येक नव्या स्लाइडवर ही कुठली अक्षरं उमटतात?

रिकाम्या स्लाइडवर गजानननं नमुना म्हणून टाकलेला मजकूर तसाच जर्मनीला गेला होता. 'लिव ना बे काईतरी!'

सरांनी उत्तर धाडलं, "नव्या कामाआधी आमच्याकडं देतात, तो आशीर्वाद आहे." आणि गजाननला म्हणाले, "पयले काढ ते!"

त्यानं काढलं. नवी आवृत्ती गेली. आम्ही देव पाण्यात घालून बसलो.

मेल आला. मी मोठ्यानं वाचला, "काम उत्तम. पण आशीर्वाद गायब झालाय, आमची माणसं विचारतात. तो परत आला की करारावर सही करतो."

गजानन कीबोर्डवर बोटं ठेवून नुसता बसून राहिला.

सर ओरडले, "पाहून काय रायला? लिव ना बे!"