मालकाचा रकाना

मास्तर मशीनवर कधी चिडले नाहीत. त्यांचा सगळा राग मशीन आणणाऱ्या माणसावर निघायचा. रियाधच्या अल मलाझ भागात, मागच्या गल्लीत, ते शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान चालवत. पुण्याहून आणलेलं मशीन अडलं म्हणून मी आणि माझी बायको सुजाता पहिल्यांदा तिथे गेलो, तेव्हा त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला आणि आमच्याकडे असं पाहिलं, जणू आम्ही कुणाचा जीवच घेऊन आलोय. "खोबरेल घातलंत? मशीन हाय ही! तिची काय वेणी घालायची हाय?" सुजाताला हसू आलं, त्यावर ते आणखी भडकले. मशीन मात्र तासाभरात नीट चालायला लागलं.

ते दापोलीकडचे. पंचवीसेक वर्षं त्याच दुकानात. शहरातले पाकिस्तानी, बंगाली, येमेनी शिंपी त्यांना मास्तरच म्हणत आणि हिंदी-अरबीची खिचडी केलेल्या त्यांच्या शिव्या निमूट ऐकून घेत. दिवसभर फोन यायचे, आणि प्रश्न तेच ते: धागा तुटतो, टाका सुटतो, सुई मोडते. एका शुक्रवारी त्यांनी फोन आपटला आणि मला म्हणाले, "बँकवाल्या, तू कंप्युटरचा माणूस ना? हे सगळं एकदाच लिहून टाकूया. वाचतील आणि मला सोडतील." मी बँकेत आयटीचं काम करतो. म्हटलं, साइट काढू. मग हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवून त्यांनी विचारलं, "दुकान मला गावाला नेता येणार नाय. ही साइट नेता येईल काय?"

मी म्हटलं, येईल. त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. इथून कधीतरी जायचंच, मग दापोलीत बसून सुटे भाग पाठवायचे, सल्ला द्यायचा, म्हातारपणी कुणापुढे हात पसरायचा नाही.

साइट ठेवायला जागा देणारी कंपनी निवडताना त्यांनी माझा जीव खाल्ला. मी तीन कंपन्यांची माहिती काढून नेली. एकीने सगळंच अमर्याद देऊ केलं होतं. "अमर्याद बोलतो तो लबाड. साध्या रिळाचा धागापण संपतो," म्हणून ती पहिल्या फटक्यात बाद. उरलेल्या दोघींना त्यांनी माझ्याकडून एकच प्रश्न विचारून घेतला: साइट बंद पडली तर कोण उठणार? एकीकडून गोडगोड मजकूर आला. दुसरीकडच्या माणसाने लिहिलं, मला नक्की माहीत नाही, विचारून सांगतो; आणि संध्याकाळी खरंच सांगितलं. "हा घे," मास्तर म्हणाले. "ज्याला माहीत नाय म्हणता येतं, तो काम शिकलेला असतो."

पानं बनवतानाही तेच. सुयांच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यांवर ते बारीक अक्षरात मजकूर लिहून ठेवत; मी तो हिंदी-इंग्रजीत करायचो. मी हौसेने 'आमचे अनुभवी तंत्रज्ञ' असं लिहिलं, तर खेकसले, "आमचे कोण? मी एकटाच हाय. खोटं काढ ते." मी वर सरकणारी चित्रं लावली, तर म्हणाले, "सुई ओवताना सुई हलवतोस काय?" चित्रं गेली. राहिलं ते साधं, स्वच्छ, आणि बिघाडाच्या नावाने शोधलं की पटकन सापडणारं. महिनाभरात जेद्दाहून, मग थेट केनियातून प्रश्न यायला लागले. मास्तर ते प्रश्न वाचून चिडायचे आणि रात्रीचं जेवण थंड होईपर्यंत उत्तरं लिहायचे.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून माझं डोकं फिरतं. नोंदणीच्या फॉर्मवर एक रकाना होता: मालकाचं नाव. मी विचारलं, काय घालू? मास्तरांनी मानही वर केली नाही. "कफीलाचं घाल. दुसऱ्या कुणाचं घालणार?" दुकान कफीलाच्या, म्हणजे व्हिसा देऊन मास्तरांना ठेवून घेणाऱ्या सौदी मालकाच्या, नावावर, परवाना त्याच्या, गाडी त्याच्या, दुकानाचा फोनसुद्धा त्याच्याच. कुठलाही कागद भरायचा तर वर त्याचंच नाव, हे आम्हा सगळ्यांच्या हाताला वळण पडलेलं. त्या साइटला ना परवाना लागत होता, ना कफील. या देशात मास्तरांच्या स्वतःच्या नावावर होऊ शकणारी ती एकच गोष्ट होती. हे मला कळत होतं. त्याचाच मी पगार घेतो. तरी मी गाढवासारखं कफीलाचं नाव घातलं, त्याचाच मोबाइल नंबर घातला आणि खलास म्हणून चहा प्यायलो.

कफील अबू फहद म्हातारा भला होता. यायचा, चहा घ्यायचा, सही करायचा, जायचा. पुढच्या वर्षी तो वारला आणि सगळं त्याच्या मुलाकडे, फहदकडे आलं. फहदला दुकानात मोबाइलची कव्हरं विकायची होती. त्याने मास्तरांना खुरूज दिला, म्हणजे कायमचं परत जायचा शिक्का. निघायला तीन आठवडे. मास्तरांनी फक्त साइट मागितली. फहद अगदी हसून म्हणाला, "अंकल, नाव बाबांचं आहे ना." आणि त्याच संध्याकाळी बाबांच्या नंबरावरून पासवर्ड बदलला. मी कंपनीला पत्रांवर पत्रं लिहिली. त्यांचं उत्तर सरळ होतं: मालकाला सांगा.

विमानतळावर मी मास्तरांची माफी मागितली. ते म्हणाले, "नाव मी सांगितलं, तू लिहिलंस. अर्धं तुझं, अर्धं माझं. सुजाताला बोल, मशीनला मशीनचंच तेल घाल." आणि आत गेले.

मी नवी साइट काढली, मास्तरांच्या नावाने, त्यांच्या दापोलीच्या नंबरावर. तिथे कुणी फिरकत नाही. शिंप्यांना जुना पत्ता पाठ, शोधलं तरी जुनीच आधी दिसते. परवा रागाने मी ती उघडली. मास्तरांचं नाव पुसून तिथे फहदचा फोटो, आणि खाली आठवड्यापूर्वीच्या एका प्रश्नाला ताजं उत्तर. फहदला बॉबिन कशाशी खातात तेही ठाऊक नाही. उत्तर वाचलं आणि शब्द ओळखले. मी दापोलीला फोन लावला.

"मास्तर, तो तुम्हाला प्रश्न पाठवतो?"

"पाठवतो. व्हॉट्सअ‍ॅपवर."

"आणि तुम्ही उत्तरं देता? त्या चोराला?"

"त्याला कुठं देतो? दम्माममधल्या शिंप्याची मशीन बंद हाय, ईद तोंडावर आलीय. त्यानं काय पाप केलंय?"

"पण नाव त्याचं लागतंय, मास्तर! तुम्हाला राग कसा येत नाही?"

"येतो ना. लय येतो," ते म्हणाले. "पण राग येतो म्हणून चुकीचं उत्तर लिहू काय? ठेव फोन. एक येमेनी उत्तरासाठी थांबलाय."